शंभर अधिक वय

आमच्या वॉर्डात एक हिशेब चालायचा. शंभर अधिक वय. पेशंट साठ वर्षांचा असेल तर वरचं बीपी १६० चालेल, सत्तरचा असेल तर १७०. मी १९८४ साली तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नर्स म्हणून लागले, तेव्हा सीनियर सिस्टरनी मला तो शिकवला. पुढे मी तो नव्या मुलींना शिकवला. ओपीडीत येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तर रोजच सांगायचे, "आबा, वयाच्या मानानं ठीक आहे. काळजी करू नका."

माझ्या आईलाही मी हेच सांगितलं होतं.

आई दुधाचा हिशेब कॅलेंडरच्या पानावर लिहायची. महिन्या-दोन महिन्यांनी मी माहेरी गेले की तिचं बीपी बघायचे, आणि ती ते आकडे त्याच पानावर दुधाच्या रतिबाशेजारी टिपून ठेवायची. ती पानं तिनं फेकली नाहीत. मी २०२० मध्ये निवृत्त झाले, त्यानंतर माहेरची ट्रंक आवरताना ती सापडली. त्यातले चार आकडे इथं देते. १९८६ साली १४०/८६. १९९० साली १५०/८०. १९९३ साली १६०/७६. आणि १९९६ च्या गणपतीत १६८/७०.

तेव्हा आईचं वय एकाहत्तर होतं. तिनं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "शंभर आणि एकाहत्तर. माझं तर त्याच्याही आत आहे की गं." मीही मान डोलावली. खालचं तर दर वेळी कमीच होत होतं, ८६ वरून ७० वर आलं होतं. मला वाटायचं, चांगलं आहे, सुधारतंय.

त्या वर्षी भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी पहाटे आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यानंतर ती चार वर्षं जगली. त्या चार वर्षांत तिला मला एकदाही नावानं हाक मारता आली नाही.

आता त्या चार आकड्यांमध्ये वजाबाकी करून बघा. वरच्यातून खालचा वजा केला की ५४ येतात, मग ७०, मग ८४, आणि शेवटी ९८. दहा वर्षं आईच्या धमन्या ताठ होत चालल्या होत्या. त्याचा लेखी पुरावा आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला होता. मी तो उलटा वाचला.

धमनी ताठ होते म्हणजे काय होतं, हे समजायला एक जुनी इलॅस्टिकची पट्टी घ्या. परकराला, मुलांच्या चड्डीला लावतो ती. कात्रीच्या टोकानं उसवून बघा. आत रबराचे बारीक धागे असतात आणि त्यांच्याभोवती सुताची वीण असते. पट्टी थोडी ताणली तर रबर लांबतं आणि सोडल्यावर जागेवर येतं. जास्त ताणली तर सूत अडवतं, तुटू देत नाही. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीतही असे दोन प्रकारचे तंतू असतात. रबरासारखं ताणणारं ते इलॅस्टिन आणि सुतासारखं अडवणारं ते कोलॅजन.

यातलं इलॅस्टिन शरीर मुख्यतः आईच्या पोटात असताना आणि लहानपणीच्या पहिल्या काही वर्षांत तयार करतं. पुढे जवळजवळ नाहीच. मोठेपणी तुटलेल्या धाग्याच्या जागी तसाच नवा धागा येत नाही. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाख होतात आणि वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. साठ वर्षांत ही पट्टी दोनशे कोटींहून जास्त वेळा ताणून सोडली जाते. हळूहळू रबर जागोजागी तुटतं आणि सगळा ताण सुतावर येतो. जुन्या परकराचं इलॅस्टिक आठवा. ते सैल पडून लांब झालेलं असतं, आणि तरीही ताणत नाही. म्हाताऱ्या माणसाची महाधमनी अशीच असते, तरुणपणापेक्षा रुंद आणि तरी ताठ.

एक गल्लत इथंच दूर करते, कारण ओपीडीत ती रोज ऐकायला मिळायची. "सिस्टर, माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, मग माझ्या नसा चांगल्याच असणार." तसं नसतं. चरबीचे थर धमनीच्या आतल्या अस्तरात साचतात आणि वाट अरुंद करतात, तो एक आजार. भिंतीचा मधला थर ताठ होतो, तो दुसरा. दोन्ही पुष्कळदा एकाच माणसात असतात आणि एकमेकांना हातभार लावतात. पण आतून अगदी मोकळी असलेली धमनीही ताठ असू शकते. कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात ते दिसत नाही. बीपीच्या दोन आकड्यांत दिसतं.

कसं दिसतं, ते मला माझ्या भावाच्या बागेत नीट कळलं. तासगाव तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे. मोठी फवारणी आता ट्रॅक्टरवर होते, पण कोपऱ्यातल्या चार ओळींना तो अजून पाठीवरचा हातपंप लावतो. डाव्या हातानं दांडा खाली-वर करायचा, उजव्या हातात नळी. दांडा थांबत-थांबत चालतो, तरी नोझलमधून फवारा मात्र सलग येतो. कारण पंपाच्या पोटात एक छोटं भांडं असतं आणि त्यात हवा कोंडलेली असते. दांडा दाबला की पाणी आत शिरून हवेला दाबतं. दांडा वर येत असताना ती दबलेली हवा पाण्याला पुढे ढकलत राहते. एकदा त्या भांड्यात बिघाड झाला होता. दांडा जड लागायला लागला, आणि फवारा होळीच्या पिचकारीसारखा थांबून-थांबून, पण जोरानं यायला लागला. दांडा दाबला की कोवळ्या पानांवर सपकारा, सोडला की काहीच नाही. भाऊ म्हणाला, "असल्या माऱ्यानं पालाच फाटायचा."

महाधमनी हे आपल्या शरीरातलं हवेचं भांडं आहे. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं, चहाच्या लहान कपाएवढं. त्यातलं निम्म्याच्या आसपास त्याच क्षणी पुढे जात नाही. महाधमनी फुगून ते पोटात धरून ठेवते, आणि हृदय विसावलं की आकसून पुढे ढकलते. वरचं बीपी म्हणजे ठोक्याच्या वेळचा दाब. खालचं बीपी म्हणजे हृदय विसावलेलं असताना धमनीनं स्वतःच्या ताणावर टिकवून धरलेला दाब. धमनी ताठ झाली की ठोक्याला फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. आणि विसाव्याच्या वेळी ढकलायला तिच्याजवळ काही साठवलेलं नसतं, म्हणून खालचा आकडा उतरतो. आईचं ८६ चं ७० झालं ते असं. ती सुधारणा नव्हती.

या भांड्याची तुलना माझी नाही. स्टीफन हेल्स नावाचा एक इंग्रज पाद्री होता. त्यानं घोडीच्या मांडीतल्या धमनीला काचेची लांब नळी जोडून रक्त किती वर चढतं ते मोजलं. ते आठ फुटांच्याही वर गेलं होतं. रक्तदाब मोजल्याची ती पहिली नोंद, १७३३ साली छापलेली. त्या काळच्या आग विझवण्याच्या बंबात असंच हवेचं भांडं असायचं, आणि हेल्सनं धमन्यांचं काम त्या भांड्यासारखं असल्याचं सांगितलं. पुढे १८९९ मध्ये ओटो फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञानं त्याचं गणित मांडलं.

पिचकारीचा तो मारा शरीरात कुठं बसतो? मेंदूत आणि मूत्रपिंडात. या दोन अवयवांना रक्त सतत आणि भरपूर लागतं, म्हणून त्यांच्या वाटा मोकळ्या ठेवलेल्या असतात. लवचीक धमनी धक्का वाटेतच पचवते, ताठ धमनी तो थेट केसाएवढ्या रक्तवाहिन्यांपर्यंत नेते. हृदयाचंही दोन्हीकडून नुकसान होतं. जड दांडा ओढून त्याची भिंत जाड होत जाते. आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः विसाव्याच्या वेळी, नेमका त्याच वेळचा दाब कमी झालेला असतो.

धमनीचा ताठपणा थेट मोजताही येतो. मिरज स्टेशनवर उभ्या असलेल्या गाडीला इंजिन जोडतात, तेव्हा बसणारा धक्का डब्यामागून डबा करत शेवटच्या डब्यापर्यंत जातो. गाडी जागची हलत नाही, धक्का मात्र पोचतो. नाडीचा ठोकाही असाच रक्ताच्या पुढे धावतो. धमनी जितकी ताठ तितका तो वेगानं. मानेतली आणि जांघेतली नाडी एकाच वेळी टिपून हा वेग काढतात. तरुण माणसात तो सेकंदाला पाच-सहा मीटर असतो. दहाच्या वर गेला की हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढला, असं धरतात.

मोठी यंत्रं नव्हती तेव्हाही हे एका तरुणानं ओळखलं होतं. त्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. फ्रेडरिक अकबर महंमद. त्याचे आजोबा दीन महंमद पाटण्याचे. ते विलायतेला गेले आणि ब्रायटनला त्यांनी वाफेच्या स्नानाचा आणि मालिशचा मोठा व्यवसाय उभा केला. नातू १८४९ साली जन्मला आणि लंडनच्या गायज हॉस्पिटलात वैद्यकी शिकला. विद्यार्थी असतानाच, १८७२ मध्ये, त्यानं मनगटावर बांधायचं नाडीचं यंत्र सुधारलं. काजळी धरलेल्या कागदाच्या पट्टीवर त्याची सुई नाडीचा आकार काढायची. त्या रेघोट्यांवरून त्यानं दाखवलं की मूत्रपिंडाचा आजार नसलेल्या, चालत्याबोलत्या माणसांतही दाब वाढलेला असतो, आणि म्हातारपणी धमन्यांमुळे नाडीचा आकार तसाच होत जातो. पट्टा बांधून पाऱ्यावर बीपी बघायची पद्धत इटलीत रिव्हा-रोच्चीनं आणली ती १८९६ साली. त्याच्या बारा वर्षं आधीच, पस्तिशीत, फ्रेडरिक टायफॉइडनं गेला.

आम्हा नर्सचं यंत्र म्हणजे तीन बोटं. तरुण मनगटाखाली नाडी मऊ उसळते आणि दाबली की नाहीशी होते. काही म्हाताऱ्या मनगटांवर मात्र बोटाखाली सुतळी लागते, कडक आणि थोडी गाठाळ, बाजूला सरकवली तर सरकणारी. पट्टा फुगवून नाडी बंद केली तरी ती सुतळी हाताला लागतच राहते. धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचलेलं असतं. माझ्या अनुभवात हे सर्वांत जास्त दोन प्रकारच्या पेशंटमध्ये लागायचं, जुन्या डायबेटिसच्या आणि डायलिसिसच्या.

डायबेटिसचा संबंध नीट समजून घ्यायला हवा. भाकरी तव्यावर तांबूस होते, ती पिठातली साखर आणि प्रथिनं उष्णतेनं एकमेकांना चिकटल्यामुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यानं १९१२ साली ही क्रिया सांगितली. रक्तात साखर जास्त राहिली की हेच आपल्या अंगात अगदी मंद आचेवर चालू राहतं. तुम्ही तीन महिन्यांची शुगर तपासता, ती एचबीए-वन-सी, म्हणजे रक्ताच्या लाल रंगाला चिकटलेली साखरच. लाल पेशी १२० दिवसांत मरते, म्हणून तिथला हिशेब तीन महिन्यांत नवा होतो. धमनीतलं इलॅस्टिन दशकानुदशकं तेच असतं. त्याला आणि कोलॅजनला चिकटलेल्या साखरेनं शेजारशेजारचे धागे एकमेकांना जखडले जातात, आणि ती खाती कोरी होत नाहीत. चाळिशीतली "थोडीशी वाढलेली" शुगर पासष्टीतल्या धमनीत जमा झालेली असते.

बाकीच्या कारणांत सर्वांत मोठं कारण खुद्द बीपी. दाब जास्त असेल तर धागे लवकर तुटतात, आणि धागे तुटले की दाब आणखी वाढतो. हे चक्र कुठंतरी तोडावंच लागतं. तंबाखू दुसरी. आमच्या भागातल्या कितीतरी बायका बिडीला हात लावणार नाहीत, पण सकाळी मिश्रीशिवाय त्यांचा दिवस उगवत नाही. त्या तिला व्यसन मानतच नाहीत. हिरडीवाटे जाणारं निकोटीनही रक्तवाहिन्या आवळतं आणि बीपी चढवतं. मीठ तिसरं. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाजी-आमटीतलं मीठ मोजणाऱ्या घरात लोणचं, पापड, खारे शेंगदाणे आणि फरसाण कुणी मोजत नाही. पाळी गेल्यानंतर बायकांच्या धमन्या झपाट्यानं ताठ होतात, हेही घरात सर्वांना माहीत असायला हवं. बीपी म्हणजे पुरुषांचं दुखणं, असं अजून मानलं जातं.

"पण वय झालं की हे व्हायचंच ना, सिस्टर?" हा प्रश्न मला हजारदा विचारला गेला आणि मी हजारदा हो म्हटलं. ते अर्धंच खरं होतं. १९८८ साली इंटरसॉल्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२ देशांतल्या १०,००० हून जास्त माणसांचं बीपी आणि लघवीतलं मीठ त्यात मोजलं होतं. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोकही त्यात होते. ते वरून मीठ जवळजवळ खातच नाहीत, अंगानं शिडशिडीत असतात आणि दिवसभर हिंडतात-राबतात. त्यांचं वरचं बीपी सरासरी शंभराच्या आत होतं, आणि वय वाढलं तरी ते चढत नव्हतं. वय त्यांचंही होतं. आपल्याकडे वयाबरोबर जो आकडा चढतो, त्यातला मोठा भाग आपल्या राहणीनं घातलेला आहे.

आणि आता मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. १९९१ साली अमेरिकेत एका औषध-चाचणीचा निकाल आला. साठीपुढची ४,७३६ माणसं, सगळ्यांचं वरचं बीपी १६० किंवा जास्त आणि खालचं ९० च्या आत. म्हणजे अगदी माझ्या आईसारखी. निम्म्यांना लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी एक जुनी, स्वस्त गोळी सुरू केली आणि लागेल तशी दुसरी जोडली. निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. औषध घेणाऱ्यांमध्ये पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. आईच्या अंगावरून वारं गेलं ते १९९६ मध्ये. निकाल येऊन पाच वर्षं झाली होती, आणि आमच्या वॉर्डात अजून शंभर अधिक वय चालू होतं. गोळीनं आई नक्की वाचली असती असं कुणीच सांगू शकणार नाही. पण ती संधी तिला मिळायला हवी होती.

तुटलेलं इलॅस्टिन परत विणता येत नाही. पण धमनीच्या भिंतीत स्नायूही असतो आणि आतलं अस्तरही जिवंत असतं, ते दोन्ही सुधारतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी बैठं काम करणाऱ्या वीस मध्यमवयीन आणि वयस्कर पुरुषांना तीन महिने व्यायाम करायला लावला, मुख्यतः भरभर चालण्याचा. त्यांच्या मानेतल्या धमनीची लवचीकता सुमारे पाव हिश्शानं वाढली, वजन आणि बीपी फारसं बदललेलं नसतानाही. हा अभ्यास २००० सालचा. तेव्हापासून मी पेशंटना नुसतं "चाला" म्हणत नाही. घाम येईल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, असं चाला म्हणते.

औषधाबद्दल एकच सांगते. वरचं जास्त आणि खालचं कमी असलेल्या माणसाचं बीपी उतरवायचं ते हळूहळू. ताठ धमन्यांच्या माणसाला रात्री उठल्यावर चक्कर येते, कारण मानेतल्या धमनीतली दाब ओळखणारी यंत्रणाही मंदावलेली असते. म्हणून बसून मोजल्यावर उभं करून दोन-तीन मिनिटांत पुन्हा मोजायला सांगा, आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा. चक्कर आली म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. बीपी मोजायला लांब जावं लागत नाही, उपकेंद्रातही आज तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी बघायची सोय आहे. पदराच्या किंवा शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधू देऊ नका. आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा, मोजताना बोलू नका, आणि त्याआधी अर्धा तास चहा, मिश्री, तंबाखू काही नको.

या रविवारी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचं बीपी मोजा. दोन्ही आकडे आणि तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि वरच्यातून खालचा वजा करा. वरचा आकडा १४० किंवा त्याच्या वर असेल, किंवा वजाबाकी साठ किंवा जास्त येत असेल, तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. कुणी "वयाच्या मानानं ठीक आहे" म्हणालं, तर उठू नका. पुढचं विचारा.